बिडवे सरांच्या पाठातली चूक

दुपारची जेवणं आटोपली, की विद्यापीठातले प्राध्यापक चपला दाराबाहेर काढून ओळीनं झोपायला जात. थट्टा नाही, तसं परिपत्रकच निघालं होतं. जुन्या ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर गाद्या घातल्या होत्या, खिडक्यांना निळे पडदे लावले होते आणि दारावर ‘शयन-अध्ययन कक्ष’ अशी पाटी ठोकली होती. ती पाटी वाचायला कुणाला सवड? सगळे झोपघरच म्हणायचे.

फार लांबचा काळ नाही हा, फक्त अजून यायचा आहे. आज जी पोरं बालवाडीत डबा सांडतात, ती तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती.

प्रणिता लोमटे त्या गाद्यांमधून अनवाणी फिरायची. कुणाच्या कपाळावरचा पट्टा सैल झालाय, कुणाचा चष्मा काढायचा राहिलाय, हे बघणं तिचं काम. विद्यापीठानं ‘निजपाठ’ नावाची नवी ऑनलाइन शिक्षणप्रणाली घेतली होती आणि प्राध्यापकांना त्या प्रणालीवर आणून सोडण्यासाठी प्रणिताची नेमणूक झाली होती. आता प्राध्यापक म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आधी त्यांना फळ्यावरून पडद्यावर आणलं, मग पडद्यावरून मोबाइलवर, आणि दर वेळी ते कुरकुरत, एकमेकांना पासवर्ड विचारत कसेबसे पोचले. या वेळी मात्र कुणी फारसं कुरकुरलं नाही. जेवल्यावर आडवं व्हा, असं सांगणारं प्रशिक्षण त्यांना जन्मात पहिल्यांदाच मिळत होतं.

गमती काय कमी झाल्या? इतिहासाच्या गुट्टे सरांनी पहिल्याच पाठात अर्ध्या झोपेत हजेरी घेतली. जन्माची सवय ती, जाते कुठं! तो पाठ पोरांच्या झोपेत तसाच वाजवला गेला आणि गाद्यांवर झोपलेली सगळी पोरं एका सुरात ‘येस सर’ म्हणाली. गुट्टे सरांचे डोळे भरून आले. जागेपणी त्यांच्या तासाला एवढी हजेरी कधी लागली नव्हती. रसायनशास्त्राच्या एका मॅडमच्या डोक्यात भाचीचं लग्न घोळत होतं, त्यामुळे बेंझीनच्या कड्यांतून पाक ठिबकायला लागला आणि पोरं उठली ती जिलेबी मागतच. प्रणिता हे सगळं हसत हसत निस्तरायची. चुकलेलं पुसायचं, मॅडमना सांगायचं की उद्या पुन्हा झोपू या, काही बिघडत नाही.

निजपाठचं शास्त्र तसं सोपं होतं. आपण दिवसभरात जे शिकतो, ते मेंदू झोपेत पुन्हा उगाळतो. गाढ झोपेत मेंदूत संथ लाटा उठतात, आणि त्या लाटांवर स्वार होऊन दिवसाची ताजी आठवण कायमच्या जागी जाऊन बसते. नेमक्या त्या लाटेच्या चढावर एखादा आवाज किंवा वास हलकेच दिला, की त्याच्याशी जोडलेली आठवण पक्की होते. हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होतं. निजपाठवाल्यांनी पुढची पायरी गाठली. शिक्षकाला जाग आणि झोप यांच्या उंबऱ्यावर आणायचं, तिथं त्यानं पाठ सांगायचा, आणि कपाळावरच्या पट्ट्यानं त्याचे शब्दही टिपायचे आणि शब्दांमागं त्याच्या मनात उमटणारी चित्रंही. मग तेच शब्द आणि तीच चित्रं झोपलेल्या पोरांच्या लाटांवर सोडायची. शिक्षकाला जे दिसतं ते पोरांना दिसे. ती हिंडून यायची आणि तासाभरानं ताजीतवानी होऊन उठायची. उंबऱ्याच्या अलीकडं राहिलेला शिक्षक नुसताच बडबडे, पलीकडं गेलेला घोरे. त्याला बरोबर मधे धरून ठेवण्यात प्रणिताचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एकच पथ्य होतं. पाठ चालू असताना पोरांना जाग येता कामा नये. जाग आली की लाट मोडली, लाट मोडली की पाठ वाया. ज्या पाठात पोरं उठतात, तो पाठ प्रणाली आपोआप बाद करायची.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांचे पाठ निजपाठवर चढले. राहिले एकटे भूगोलाचे बिडवे सर.

मन्मथ बिडवे. अंगानं सडपातळ, आवाज मात्र शेजारच्या इमारतीत ऐकू जाणारा. नद्या हा त्यांचा विषय आणि नद्या हेच त्यांचं वेड. बायको गेल्यापासून तर त्यांचं घर म्हणजे वर्गच झाला होता. निवृत्तीला दोन वर्षं होती. पाठ चढला नाही, तर त्यांचा विषय दुसऱ्या विद्यापीठाच्या पाठावरून शिकवला जाणार होता आणि सर परीक्षा विभागात गठ्ठे बांधायला बसणार होते. प्रणिताला ते ऐकूनच कसंतरी झालं. ती त्यांचीच विद्यार्थिनी, त्यांच्यामुळेच नदीच्या पुलावरून जाताना तिला अजून खाली वाकून बघावंसं वाटायचं.

ती त्यांच्या खोलीत गेली तेव्हा सर फळा पुसत होते.

“ये, ये. मला निजवायला आलीस ना?” सर म्हणाले. “मी निजायला तयार आहे गं. पण माझ्या पाठात चूक राहू देणार का तुम्ही?”

चुकीचं प्रकरण सगळ्या विद्यापीठाला माहीत होतं. बिडवे सर प्रत्येक तासाला एक चूक मुद्दाम करायचे. कुठं, ते सांगायचे नाहीत. पोरं डोळ्यांत तेल घालून बघत बसायची, आणि कुणाचा तरी हात वर गेला की सरांचा चेहरा असा खुलायचा, की आपण चूक पकडली का सरांवर उपकार केले, तेच पोरांना कळायचं नाही. हात वर गेल्याशिवाय तास संपायचा नाही. एकदा पोरांना डबे खायला उशीर झाला, पण सर हलले नाहीत.

“सर, झोपलेल्या पोरानं हात कसा वर करायचा?”

“ते मला काय की. शास्त्र तुमचं. पण चूक नसेल तर मी झोपायचा नाही.”

“हट्ट आहे हं सर हा.”

“आहे. दुसरं काय राहिलंय माझ्याकडं?” सर हसून म्हणाले, पण प्रणिताला त्यावर हसता आलं नाही. ती हो म्हणून बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर गादीवर आडवे झाले. प्रणितानं त्यांना उंबऱ्यावर आणलं, पाठ टिपला, आणि मग नेहमीप्रमाणे तपासणीसाठी स्वतःच्या कपाळाला पट्टा बांधून शेजारच्या गादीवर पडली.

डोळे मिटले, आणि ती मांजरा नदीच्या पात्रात उभी होती.

पायाखाली उन्हानं कोमट झालेली वाळू. वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या, वेलींमधून निवांत पसरलेलं पाणी, आणि सगळ्यावर खरबुजाचा गोड वास. सर पुढं चालत होते, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून. खरे सर कधीच धोतर नेसत नसत. ते बहुधा त्यांच्या वडिलांचं असावं. ते बोलत तसं पाणी वागत होतं. हळू म्हणाले की नदी हळू व्हायची, खोल म्हणाले की निळी. प्रणिताला वाटलं, असंच चालत राहावं, मधे कुणी हाक मारू नये. किती सुखाचं होतं ते! डोंगर मागं पडला, नदी सपाटीला आली आणि मोठं वळण घेऊ लागली.

“वळणावर बघा,” सर म्हणाले. “आतल्या काठाला पाणी जोरात, म्हणून तो काठ ढासळतो. बाहेरच्या काठाला पाणी मंद, म्हणून तिथं गाळ साठतो.”

आणि प्रणिताच्या डोळ्यांसमोर बाहेरच्या काठाची दरड धाडकन पाण्यात कोसळली.

ती दचकून उठून बसली. पडदे निळे होते, पंखा फिरत होता, शेजारी सर शांत पडून होते.

मग तिच्या ध्यानात आलं, आणि तिला हसूही आलं आणि काळजीही वाटली. वळणावर ढासळतो तो बाहेरचाच काठ, कारण पाण्याचा जोर तिथं असतो. गाळ साठतो तो आत. सरांनी तोंडानं बरोबर उलटं सांगितलं होतं. पण आयुष्यभर जी नदी पाहिली, ती त्यांना स्वप्नात काही केल्या खोटी पाहता येईना. शब्द चुकले, चित्र खरं राहिलं. आणि झोपेतही मेंदूचा एक कोपरा पहाऱ्यावर असतो. ढोलताशांत न उठणारी आई बाळाच्या एका हुंदक्यानं उठते, ती त्याच कोपऱ्यामुळं. ऐकलेलं आणि दिसलेलं जुळलं नाही, की तो कोपरा हाक मारतो.

मोजक्या पोरांवर पाठ चालवून पाहिला, तर वळणापाशी निम्मीअधिक पोरं उठून बसली. बाकीची सरांचे शब्द ऐकून निजून राहिली. प्रणालीनं पाठ बाद केला.

“त्यात काय एवढं?” संचालक तांदळे मॅडम म्हणाल्या. त्या निजपाठ विभागाच्या प्रमुख. वाईट बाई नव्हत्या, पण प्रत्येक गोष्ट आजच्या आज संपवायची त्यांना घाई. “आतला-बाहेरचा एवढीच अदलाबदल करायची. यंत्र त्यांच्याच आवाजात करून देतं. सरांना कळणार पण नाही.”

“त्यांनी अट घातली होती, मॅडम.”

“मग काय, गठ्ठे बांधायला बसवायचं त्यांना? आणि जी पोरं उठली नाहीत, त्यांच्या डोक्यात काय गेलं, सांग बरं? आतला काठ ढासळतो, हे गेलं. उद्या त्यातलाच एखादा पूल बांधायला जाईल.”

तिनं यंत्रासमोर बसून दोन शब्दांची अदलाबदल केली. पाठ झटक्यात पास झाला. सरांचं भलंच केलं आपण, असं ती स्वतःला घरी जाईपर्यंत समजावत होती.

पाठ सुरू झाला आणि काय सांगावं, गाजलाच! विद्यापीठातच नव्हे, उदगीर, अहमदपूर, निलंग्याच्या कॉलेजांतल्या झोपघरांतही पोरं मांजरेकाठी हिंडून येऊ लागली. उठल्यावर कितीतरी वेळ ती बोलायचीच नाहीत, नुसती एकमेकांकडं बघून हसायची. कुणाच्या तळव्यांना वाळू लागल्यासारखी वाटायची, कुणी घरी जाताना खरबूज घेऊन जायचं. तांदळे मॅडमनी सरांचा सत्कार ठेवला. सर आले, नारळ घेतला आणि सरळ झोपघरात जाऊन दाराशेजारच्या खुर्चीत बसले.

तिथून ते उठेनात. रोज दुपारी पाठ लागला की सर खुर्चीत. झोपलेल्या चेहऱ्यांवरून त्यांची नजर फिरत राहायची. पाठ वळणाजवळ आला, की ते पुढं सरकून बसायचे आणि श्वास रोखायचे. पाठ वळण पार करून संथपणे पुढं जायचा. पोरं सुखानं झोपलेली.

“कुणी उठलं?” ते बाहेर येऊन विचारायचे.

“नाही सर. सगळे छान झोपले.”

“एकपण नाही?”

“नाही.”

पहिल्या दिवशी तिनं हे आनंदानं सांगितलं होतं. पुढं पुढं तिची जीभ जड होऊ लागली. सर दाढी करायचं विसरू लागले. एरवी कॅन्टीनमध्ये पोरांच्या टेबलावर जाऊन बसणारे सर आता एकटेच कोपऱ्यात चहा प्यायचे. एकदा एक मुलगी, ईश्वरी तिचं नाव, नदीकाठच्याच गावची, धावत येऊन म्हणाली, “सर, काय भारी पाठ आहे तुमचा! आमचं गावच दिसलं मला.” सरांनी तिच्याकडं असं पाहिलं, की ती बिचारी पुढचं बोलायचंच विसरली.

आणि एका दुपारी ते प्रणिताला म्हणाले, “उद्यापासून मी परीक्षा विभागात जातो म्हणतो. तसं लिहून देतो.”

“का सर? पाठ एवढा चाललाय...”

“म्हणूनच. अगं, काठ डोळ्यांसमोर कोसळतोय आणि एकालाही वाटत नाही, की हा म्हातारा काहीतरी भलतंच सांगतोय. इतकी वर्षं मी काय शिकवलं मग? पोरं तेव्हाही माझ्या तोंडाकडं बघूनच हात वर करत असतील. मी थांबलो, की त्यांना कळत असेल. नदीकडं कुणी बघतच नसेल.” त्यांचा एरवी इमारत हलवणारा आवाज कानाला मुश्किलीनं लागत होता. “ज्याच्या वर्गात चूक कुणाला दिसत नाही, त्यानं शिकवू नये.”

ज्या माणसाचा वर्ग वाचावा म्हणून तिनं हे केलं, तोच माणूस तिच्या करणीनं वर्गाबाहेर चालला होता.

“सर, चूक पाठात नाहीये. मी काढली.”

“काढली?” सर म्हणाले.

“पहिल्याच दिवशी काढली. पाठ बाद होत होता, तुम्हाला इथून हलवणार होते, म्हणून... मला सांगायचं होतं सर. धीर झाला नाही.”

“म्हणजे पोरं...”

“चाचणीत उठली होती सर. वळणापाशी. निम्म्याहून जास्त. आणि मीही उठले होते.”

तिला वाटलं, सर आता हसतील. सुटकेचा श्वास सोडतील. पण बिडवे सर असे भडकले, की जिन्यावरची पोरं जागच्या जागी थांबली.

“मी त्या लेकरांना मनातल्या मनात काय काय बोललो, माहीत आहे तुला? मेंढरं म्हणालो! ती ईश्वरी, माझ्याजवळ किती आनंदानं आली होती, मी तिच्याशी धड बोललोही नाही. माझी नोकरी वाचवलीस, आणि माझ्या पोरांना माझ्यापुढं आंधळं ठरवलंस. कुणी सांगितलं होतं तुला?”

“कुणी नाही सर.” तांदळे मॅडमचं नाव तिनं मुद्दामच घेतलं नाही.

“परत घाल ती.”

“पाठ बंद पडेल सर. एकदा का सगळीकडं जाग आली, की परत संधी नाही. तुमचा विषयच जाईल.”

“जाऊ दे.”

“आणि जी पोरं उठणार नाहीत? त्यांच्या डोक्यात उलटंच बसेल.” हे ती अडवायला म्हणाली नाही. तेवढा एक प्रश्न तिला खरोखर छळत होता.

सर थबकले. राग ओसरला नव्हता, पण प्रश्न त्यांना पटला होता, हे तिला दिसलं. चांगला प्रश्न आला की ते असेच गप्प व्हायचे.

“त्यांचं मी बघतो,” ते म्हणाले. “तू घाल.”

दुसऱ्या दिवशी प्रणितानं तांदळे मॅडमना न विचारता ते दोन शब्द होते तसे केले. नोकरीवर पाणी सोडावं लागलं तर सोडू, एवढा विचार तिनं करून ठेवला होता.

दुपार झाली. पोरं आली, चपला काढल्या, थट्टामस्करी करत गाद्यांवर लवंडली. निळा उजेड सगळ्यांच्या अंगावर पसरला. हळूहळू कुजबुज थांबली, श्वास एका लयीत आले, आणि खोलीभर खरबुजाचा वास दरवळू लागला. कुणाच्या पायाची बोटं हलत होती, वाळूतून चालल्यासारखी. प्रणिता भिंतीला टेकून उभी होती. सर खुर्चीत पुढं सरकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. नदी डोंगरातून उतरली. सपाटीला आली. वळण आलं.

क्षणभर काहीच झालं नाही. प्रणिताला सरांकडं बघवेना.

मग खिडकीजवळच्या गादीवर ईश्वरी ताडकन उठून बसली. केस विस्कटलेले, डोळे अर्धे स्वप्नात. समोर सर दिसले, तशी ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “सर, उलटं सांगताय तुम्ही. आमच्याकडं बाहेरचा काठ जातो. आत्ताच तर पडला!”

तिच्या मागं एक मुलगा उठला. मग कोपऱ्यातल्या दोघी. मग इथं एक, तिथं एक, अशी कितीतरी. कुणी डोळे चोळत होतं, कुणी नुसतंच “चूक आहे, चूक आहे” म्हणत होतं. भिंतीवरच्या पडद्यावर लाल पट्टी उमटली: पाठ बाद. बिडवे सर खुर्चीतून उठले. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

“शाब्बास,” ते म्हणाले. “पण अजून पुष्कळ जण झोपलेत. शेजारच्याला हलवा. हळूच. आणि काय चुकलं ते त्याला सांगा. त्याला पटत नसेल तर भांडा, पण पटवा.”

आणि झोपघरात एकच कल्ला उडाला. कुणी उशीवर बोटानं नदी काढून दाखवत होतं, कुणी चादरीचं वळण करून त्यावरून पाण्याची बाटली घरंगळवत होतं. नुकतं उठलेलं एक पोरगं सरांच्याच बाजूनं भांडायला लागलं आणि चौघं त्याच्यावर तुटून पडली. सर त्यांच्यात मांडी घालून बसले आणि त्या एकट्या पोराची बाजू घेऊन तेही भांडू लागले.

प्रणिताचा फोन वाजला. तांदळे मॅडम.

“काय चाललंय तिकडं? उदगीरची पोरं उठून बसलीत, निलंग्याची उठलीत, कुठला काठ कुठला काठ म्हणून नुसता गोंधळ घातलाय! प्रणिता, तो पाठ आधी बंद कर!”

“केला मॅडम,” प्रणिता म्हणाली. “पाठ बंद झालाय. आता तास चालू आहे.”